मदत हवी आहे : मॉरिशसच्या कुटुंबाचं कोकणातलं गाव शोधायचंय

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून या कुटुंबाच्या गिरमिटिया (करारावर नेलेल्या मजूर) पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळालाय. इमिग्रंट नंबर, वडिलांचं नाव, वय, जात, जहाज, जिल्हा रत्नागिरी, सगळं आहे. आडनाव तेवढं नाही. तिकडे बापाचं नावच पुढे आडनाव म्हणून चिकटलं, त्यामुळे आडनावावरून भावकी शोधण्यात अर्थ नाही. गावाच्या रकान्यात ‘कॉन्कोली’. कारकुनाने ऐकलं तसं खरडलेलं. कणकवली असावं का? (सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता.) कुणकेरीही सुचवलं गेलंय, पण ते सावंतवाडी संस्थानातलं, जिल्हा जुळत नाही.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या (यजमानांच्या वंशावळी ठेवणाऱ्या) वह्यांत नुसत्या गावावरून शोध घेता येतो का, की आडनाव लागतंच? आणि खोती गावांची (जिथला सारा खोत वसूल करायचा) जुनी बोटखतं, म्हणजे जमीन-कुळांच्या नोंदवह्या, कुठे बघायला मिळतील? जाणकारांनी कृपया सांगावं. उताऱ्याचा फोटो हवा असल्यास पाठवतो.