सीडी४७ शाबूत असूनही लाल पेशी का भक्षिल्या जातात?

सूक्ष्मदर्शी:
मी विकृतिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. लाल रक्तपेशीच्या पटलावरील सीडी४७ हे प्रथिन मॅक्रोफेजवरील (इतर पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशीवरील) सर्प-अल्फा (SIRPα) या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, जोडले जाते आणि त्यामुळे ती पेशी भक्षिली जात नाही, असे पाठ्यपुस्तकात वाचले. याचा आधार म्हणून सन २००० मधील ओल्डेनबोर्ग आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. सीडी४७ नसलेल्या लाल पेशी त्यांनी सामान्य उंदरांना दिल्या, तेव्हा त्या रक्तातून अतिशय झपाट्याने नाहीशा झाल्या आणि प्लीहेतील मॅक्रोफेजनीच त्या गिळल्याचे आढळले. इथपर्यंत समजते. परंतु स्वप्रतिरक्षित रक्तलयी पंडुरोगात (शरीराची स्वतःची प्रतिपिंडेच लाल पेशींवर उलटतात त्या आजारात) रुग्णाच्या लाल पेशींवर सीडी४७ असतेच, तरीही प्लीहा त्या नष्ट करते. उलट ज्या उंदरांत जन्मापासूनच सीडी४७ नाही, ते तीव्र पंडुरोगावाचून जगतात. मग या खुणेला ‘खाऊ नका’ असा आदेश म्हणावे तरी कसे? शिवाय १२० दिवसांनी म्हातारी झालेली पेशी कोणत्या खुणेवरून ओळखली जाते, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

प्लीहापंथी:
प्रश्न योग्य आहे. घोटाळा ‘आदेश’ या कल्पनेमुळे होतो. सीडी४७ हे दिवा चालू-बंद करण्याच्या बटणासारखे नाही. मॅक्रोफेजच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या दोन विरुद्ध प्रक्रियांपैकी एकीला ते बळ देते, एवढेच.

लाल पेशीवर आयजीजी वर्गाची प्रतिपिंडे चिकटली की त्यांची शेपटाकडची बाजू मॅक्रोफेजवरील एफसी-गॅमा ग्राहींना सापडते. हे ग्राही एकत्र गोळा झाले म्हणजे त्यांच्या आतील भागातील टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडले जाते, तेथे सिक हे एन्झाइम येऊन बसते आणि पटलाखाली अ‍ॅक्टिनचे जाळे उभे राहून पेशीभोवती भक्षणाचा पेला तयार होऊ लागतो. त्याच वेळी, त्याच संपर्कस्थळी, सीडी४७ जोडले गेलेल्या सर्प-अल्फाच्या शेपटातील टायरोसिननाही फॉस्फेट जोडले जाते, पण तेथे येतात ते एसएचपी-१ आणि एसएचपी-२ हे फॉस्फेट काढून टाकणारे एन्झाइम. साय आणि डिशर यांनी २००८ मध्ये दाखवले की या मार्गाने संपर्कस्थळी मायोसिन जमण्याला अटकाव होतो, म्हणजे घास ओढून घेण्याचे बळच कमी पडते. पेशी गिळली जाईल की नाही, हे या दोहोंच्या बेरीज-वजाबाकीवर ठरते. प्रतिपिंडे थोडी असतील तर सीडी४७ पुरेसे पडते. ती दाट झाली की पडत नाही.

ही वजाबाकी खरी आहे याचा पुरावा उंदरांतच मिळतो. आधीच स्वप्रतिरक्षेकडे कल असलेल्या एनओडी जातीच्या उंदरांतून सीडी४७ काढून टाकल्यावर त्यांना प्राणघातक रक्तलयी पंडुरोग झाला. प्रतिपिंडे होती आणि रोखणारे कोणी उरले नव्हते. आपल्या सूक्ष्मदर्शकाखालीही याची खूण दिसते. रक्तलयी पंडुरोगाच्या काचपट्टीवरील गोलपेशी म्हणजे बहुधा अर्धवट राहिलेले भक्षण असते, कारण मॅक्रोफेजने पटलाचा तुकडा ओरबाडून घेतला, पेशी मात्र निसटली, आणि पृष्ठभाग घटल्याने ती गोल झाली.

प्लेटलेटच्या बाबतीतही हाच हिशेब लागू आहे. प्रतिरक्षाजन्य प्लेटलेट-न्यूनतेवर अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेले फोस्टामॅटिनिब हे औषध प्रतिपिंडे काढून टाकत नाही आणि सीडी४७ वाढवतही नाही. ते सिकला अडवते. प्रतिपिंड चिकटलेले असूनही प्लेटलेट वाचते, ती याच कारणाने.

दुसरे मत:
वरील उत्तर पटले, पण त्याने दुसरा पेच सुटत नाही. सीडी४७ रहित उंदीर जगतात कारण मॅक्रोफेजची संवेदनशीलता जन्मजात ठरलेली नसते, तर ज्या शरीरात ते वाढतात तेथील परिस्थितीनुसार ती बसते. अशा उंदरांच्या मॅक्रोफेजनी सीडी४७ कधी पाहिलेलेच नसते, त्यामुळे त्याचा अभाव त्यांना परका वाटत नाही आणि सीडी४७ नसलेल्या पेशी ते सहन करतात. २००७ मध्ये वांग आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले, आणि त्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही सहनशीलता येण्यासाठी रक्ताबाहेरील ऊतींमध्येही सीडी४७ नसावे लागते.

याहून महत्त्वाचे काम, माझ्या मते, २०१६ मधील आहे. सर्प-अल्फा नसलेल्या उंदरांचे बहुतेक मॅक्रोफेज निरोगी पेशींना हात लावत नाहीत. प्लीहेच्या लाल गरातील मॅक्रोफेज एवढाच अपवाद. परंतु शरीरात दाह पेटला की तेच उंदीर तीव्र पंडुरोगाने आजारी पडतात. म्हणजे रोखणारी खूण नसणे पुरेसे नाही, भूक चाळवणारे काही तरी आधी व्हावे लागते. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखी द्रव्ये ती चाळवतात, तर इंटरल्यूकिन-१० ती शमवते. पाठ्यपुस्तके पेशीच्या पृष्ठभागावर इतकी खिळलेली असतात की भक्षक कोणत्या मनःस्थितीत आहे हा प्रश्न ती विचारीतच नाहीत.

रुग्णालयात याचे टोकाचे रूप म्हणजे हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, म्हणजेच आपल्या वॉर्डातले एचएलएच. डेंग्यू किंवा स्क्रब टायफस झालेल्या रुग्णाचा ताप उतरत नाही, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घसरतात, फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन मिलिलिटरमागे ५०० नॅनोग्रॅमच्या कितीतरी वर जाते आणि अस्थिमज्जेत मॅक्रोफेजच्या पोटात लाल पेशी दिसतात, तेव्हा त्या गिळलेल्या पेशींत काही दोष असेलच असे नाही. २०११ मधील उंदरांवरील कामात इंटरफेरॉन-गॅमा या दाहकारी द्रव्याने थेट मॅक्रोफेजवर परिणाम करून असे भक्षण आणि पंडुरोग घडवून आणल्याचे दिसले, आणि या इंटरफेरॉनला बांधून ठेवणारे एमापालुमॅब हे औषध २०१८ पासून प्राथमिक एचएलएचसाठी वापरात आहे.

सूक्ष्मदर्शी:
दोघांचेही आभार. म्हाताऱ्या पेशींचा प्रश्न मात्र मागे राहिला.

प्लीहापंथी:
तो मुद्दाम टाळला होता, कारण तेथे एकच उत्तर नाही. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी निवृत्त होतात आणि त्यांच्यावर अनेक खुणा एकदम जमत असतात. पटलातील बँड-३ प्रथिनाचे पुंजके होऊन त्यांवर नैसर्गिक प्रतिपिंडे बसतात, आतल्या थरात राहणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य काही पेशींत बाहेर येते, आणि पटलाची लवचिकता घटल्याने प्लीहेच्या फटींतून निघणे अवघड होते. सीडी४७ चे स्वरूपही बदलते. २०१२ मधील एका प्रयोगात असे आढळले की जुनाट पेशींवरील बदललेल्या सीडी४७ ला थ्रॉम्बोस्पाँडिन-१ हे दुसरे प्रथिन जोडले गेले, तर तेच सीडी४७ भक्षणाला उत्तेजन देते. आणखी एक धक्का २०२० मध्ये बसला: प्लीहेत अडकलेल्या जुन्या पेशींपैकी बऱ्याच आधी तेथेच फुटतात आणि मॅक्रोफेज उरलेली रिकामी पटले गिळतात, असे त्या कामातून पुढे आले. सबंध पेशी गिळण्याचे आपले नेहमीचे चित्र त्यामुळे थोडे बदलावे लागेल.

रक्तपेढीतून:
हा विषय रक्तपेढीच्या दारात कसा येतो तेही नोंदवतो. कर्करोगाच्या पेशी सीडी४७ वाढवून मॅक्रोफेजपासून लपतात हे दिसल्यावर त्यावर प्रतिपिंडे बनवली गेली. त्यांतील मॅग्रोलिमॅब सर्वाधिक चर्चेत राहिले. लाल पेशींवरही सीडी४७ असल्याने पंडुरोग होणार हे उघड होते, म्हणून पहिली मात्रा किलोमागे १ मिलिग्रॅम इतकी लहान ठेवत, जेणेकरून जुन्या पेशी निघून जाव्यात, अस्थिमज्जेने तरुण पेशी सोडाव्यात, आणि मगच मोठी मात्रा द्यावी. युक्ती हुशारीची होती, पण मोठ्या चाचण्यांत औषधाचा लाभ दिसला नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने रक्ताच्या कर्करोगांवरील त्याच्या चाचण्या थांबवल्या. सर्प-अल्फाच्या बाजूने तोच मार्ग अडवण्याचे प्रयत्न अजून चालू आहेत.

आम्हाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. असे प्रतिपिंड रुग्णाच्या रक्तद्रवात असले की ते प्रत्येक दात्याच्या लाल पेशींना चिकटते, आणि क्रॉसमॅचमध्ये (दात्याचे रक्त रुग्णाशी जुळते का हे पाहणाऱ्या चाचणीत) कोणतीच पिशवी जुळत नाही असे दिसते. खरी धोकादायक प्रतिपिंडे त्याआड दडून राहू शकतात. म्हणून औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीच रुग्णाचा रक्तगट, सविस्तर प्रतिजन-तपासणी आणि प्रतिपिंडांची चाचणी करून ठेवावी लागते, आणि रुग्ण हे औषध घेत आहे हे रक्ताच्या मागणीपत्रावर लिहावे लागते.