गूगल राहू द्या, झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर बघा
'फेसबुक-गूगल बंद केलं की आपली माहिती आपल्यापाशी राहते' असं खासगीपणावरच्या या चर्चेत दोघांनी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. मागे मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रं छापायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. 'व्हॉट्सॅपवर टाका' म्हणाला, टाकली. मग माझी फाइल शोधत तो डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये खाली खाली सरकत गेला: कुणाचं पॅन कार्ड, कुणाचं पासबुक, सातबारा, एका बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. रांगेतले चौघे निवांत बघतायत. माझ्या पुढच्या काकांच्या ई-आधारला पासवर्ड होता, तर तोही त्यांनी खणखणीत आवाजात सांगितला. तसाही तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. शेजाऱ्यालाही ठाऊक असणार. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरला खरा, पण या फोल्डरपर्यंत तो पोचलेला दिसला नाही.

आधारच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' उतरवता येतं. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले, शेवटचे 4 दिसतात. मी आता तेच देतो. लॉजवाले कुरकुरतात, पण चालवून घेतात. झेरॉक्सवाल्याला फाइल उडवायला सांगितली तर म्हणाला, 'रविवारी सगळंच साफ करतो, काका.' कुठल्या रविवारी, ते विचारायचं राहिलं.