प्रतिसाद: क्लिनिकल तास आणि मास्टर्स

वर कुणीतरी लिहिलंय की बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची भारतातली पदवी) करताना रुग्णांबरोबर भरपूर काम झालेलं असतं, त्यामुळे अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत मास्टर्स करताना क्लिनिकल तासांचं (रुग्णांसोबतच्या सक्तीच्या प्रशिक्षणाच्या तासांचं) दडपण नसतं. अनुभवाचा फायदा होतो हे अगदी मान्य, पण तासांचा हिशेब वेगळा आहे. आशाच्या (ASHA, म्हणजे या क्षेत्रातली अमेरिकी व्यावसायिक संघटना) प्रमाणपत्रासाठी एकूण ४०० तास लागतात: २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष रुग्णासोबतचे. यातले किमान ३२५ तास मास्टर्सला असतानाच पूर्ण करावे लागतात. म्हणजे आधीचं काम कितीही असो, त्यातलं फार थोडं धरलं जातं.

शिवाय त्या ३७५ तासांत मोजला जातो तो मुख्यतः रुग्ण किंवा त्याच्या घरच्यांसमोरचा वेळ. रिपोर्ट लिहिणं, थेरपीचं साहित्य तयार करणं, सुपरवायझरशी चर्चा, यातलं काहीच त्यात येत नाही. माझ्या प्लेसमेंटमध्ये (दवाखान्यातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात) अफेजियाचे (मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवलेले) रुग्ण तब्येतीमुळे ऐनवेळी येऊ शकत नसत, आणि पूर्ण तयारी करूनही त्या दिवसाचे तास भरत नसत. (तरी ती तयारी पुढच्या भेटीत उपयोगी पडायचीच.) म्हणून प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला नक्की विचारा: प्लेसमेंट कोण लावून देतं, आणि तास कमी पडले तर काय सोय आहे? पदवीनंतर किमान ३६ आठवड्यांची, १२६० तासांची क्लिनिकल फेलोशिपही (अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचं काम) असते. खर्चाचं आणि व्हिसाचं गणित मांडताना तीही धरा.