‘प्रोलिफरेशन’ला मराठीत काय म्हणावं?

ओंजळ: झेब्राफिशच्या डोळ्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. गर्भातल्या नेत्रपटलात (रेटिनात) पेशींनी किती विभागायचं आणि कधी थांबायचं हे कोणती जनुकं ठरवतात, असा विषय. ‘प्रोलिफरेशन’ला, म्हणजे विभागत विभागत पेशींची संख्या वाढण्याला, मी ‘पेशींचा प्रसार’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘वाढ’ केलं. पण माशाच्या नेत्रपटलाची वाढ दोन वाटांनी होते. कडेला आयुष्यभर नव्या पेशी तयार होत राहतात आणि जुनं पटल ताणलंही जातं. मला फक्त पहिली वाट सांगायची आहे.

शब्दवेडा: प्रसार नकोच. प्रसार रोगाचा, शिक्षणाचा; त्यात संख्या वाढेलच असं नाही. लॅटिन ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. ‘बहुप्रसवन’ घ्या.

भातखाचर: हे वाचून आठवीतलं पोरगं पान उलटेल. आम्ही एका चुडात तीन-चार रोपं लावतो, महिन्याभरात तो चूड मुठीत मावत नाही. भात पोटरीत आलं, म्हणजे आत लोंबी भरू लागली, की नवे फुटवे, म्हणजे बुडातून येणारे कोंब, थांबतात. आधी वाढणं, मग थांबून दाणा धरणं, हेच ना तुमच्या पेशींचं? ‘पेशींचा फुटवा’ म्हणा. शिवाय हा मासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं, आणि त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘डॅनिओ’ बंगाली ‘धानी’वरून आलं, म्हणजे भातखाचरातला!

सूक्ष्मदर्शी: फुटव्यात मूळ रोप जागेवर राहतं. पेशी दुभंगली की आई उरत नाही, दोन लेकीच उरतात. थांबण्याचं मात्र अगदी बरोबर. अंडं फळल्यावर २८ तासांच्या सुमारास काही पेशी विभागणं सोडून गँग्लिऑन पेशी, म्हणजे डोळ्यातला संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशी, होतात. ‘लाक्रित्झ’ नावाच्या झेब्राफिशच्या वाणात ‘एथ५’ जनुक बिघडलेलं असतं. त्या पेशी तेव्हा थांबत नाहीत, पुढे दुसऱ्याच प्रकारच्या होतात. मेंदूकडे जाणारी चेताच तयार होत नाही, मासा आंधळा राहतो. मी सरळ ‘पेशीविभाजन’ लिहिते.

शब्दवेडा: विभाजन एका पेशीचं. इथे अख्ख्या समूहाची गोष्ट आहे.

रेवातीर: मुळात ‘पेशी’च तपासा. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. इंदूरच्या माझ्या मामेबहिणीने मराठी लेखात ‘पेशी’ वाचून स्नायू समजले होते; हिंदीत आपल्या ‘पेशी’ला (सेलला) कोशिका म्हणतात.

भातखाचर: मग आपण सगळे शाळेत चुकीचं शिकलो का? शंभर जण बोलतात तोच शब्द.

रेवातीर: चूक म्हणत नाही. एकच शब्द सीमेपलीकडे वेगळा अर्थ धरतो, एवढंच.

ओंजळ: ‘फुटवा’ मनात घोळतोय, पण दोन लेकींचा मुद्दाही खरा आहे. लेख उद्या द्यायचाय.

सूक्ष्मदर्शी: ‘नेत्रपटल’ तरी ठेवू नका, ‘दृष्टिपटल’ करा.

भातखाचर: आईचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर ‘पडदा सरकलाय’ म्हणाले. आई लगेच समजली. पडदाच लिहा.