मदत हवी आहे: कापडी फुलांच्या पाकळ्या मेणबत्तीवर काळ्या पडतात

सुईदोरा:
येत्या मंगळवारी भाचीची मंगळागौर. खेळायला येणाऱ्या अकराजणींच्या अंबाड्यांसाठी कापडी फुलं करून देते असा शब्द दिलाय. व्हिडिओत पाकळी मेणबत्तीजवळ नेली की कड अलगद आत वळते. माझी काळी पडते आणि हात लावला की भुरुभुरु गळते. वीसेक पाकळ्या वाया गेल्या. आच कमी करू का? लवकर सांगा प्लीज.

निळीसावली:
कापड कोणतं?

हिरवाचुडा:
पाकळी ज्योतीच्या वर धरताय का? पिवळ्या टोकाला काजळी असते. खालच्या निळ्या भागाच्या बाजूला धरा, पटकन काढा. शंभरेक फुलं केलीत अशी.

दक्षिणवारा:
क्लिपवर नुसती ग्लू गन लावू नका, फूल निसटतं. आधी क्लिपला रिबन गुंडाळा, मग मागे फेल्टची चकती लावून चिकटवा.

सुईदोरा:
क्लिपपर्यंत पोचलेच नाहीये हो अजून! कापड चांगलंय, घरातलंच आहे. निळ्या भागाजवळ धरून पाहिलं, तेच झालं.

निळीसावली:
घरातलं म्हणजे साटीन की साडीचं? साटीन रिबन, ऑर्गेंझा बहुतेक पॉलिएस्टर असतात, म्हणून वितळून वळतात. सुती आणि रेशमी कापड वितळत नाही, जळतंच. एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

सुईदोरा:
आईच्या कपाटातला खण आहे, हिरवा, लाल काठाचा. उभा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरा झाला. आडव्याला कागद जळल्याचा वास. मणी कुठेच नाही.

निळीसावली:
म्हणजे ताणा रेशमी, बाणा सुती. जुना, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असावा. हल्लीच्या खणात पॉलिएस्टरही असतं, तो वळला असता. हा वळणार नाही. मेणबत्ती विझवा आधी, आईचा खण जाळू नका!

हिरवाचुडा:
मग फेविकॉल. पाण्यात पातळ करून अख्ख्या तुकड्याला मागून लावा, वाळवा आणि मग पाकळ्या कापा. आधी कापल्या तर कड सुटते.

चौकडी:
रेशमावर फेविकॉल? चमक जाते, मऊपणाही जातो. मागून फ्यूजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवा.

हिरवाचुडा:
माझ्या फुलांची चमक गेलेली नाही. मागूनच लावायचं म्हटलंय मी.

पारिजात:
दोन्ही राहू द्या. जपानमध्ये त्सुमामी नावाची कला आहे, रेशमाचे चौकोन दुमडून भाताच्या खळीने डकवतात, आगीशी संबंधच नाही. चौकोनाचा त्रिकोण करा, तो आणखी दोनदा निम्मा दुमडा. कापलेल्या कडा सगळ्या एका बाजूला येतात, ती बाजू खाली डकवायची. खण जाड असतो, म्हणून तीन इंचांचा चौकोन घ्या.

जुईची_आजी:
मंगळागौरीला खरा गजराच शोभतो गं. श्रावणात जाई-जुई मिळते की.

दक्षिणवारा:
आजी, फुगडीत गजरा सुटतो.

सुईदोरा:
आजी, पूजेला खरी फुलंच आहेत. ही फक्त खेळताना. पारिजात, दोन पाकळ्या जमल्या! टोक छान उभं राहतंय, लाल काठ बरोबर कडेला आलाय. एका फुलाला किती लागतील?

पारिजात:
सहा घाला. मधे मोती.

चौकडी:
पण हा खण कुठे मिळेल आता? मलाही हवाय.