बंदी घातली तेव्हा आमच्या घरात काय झालं

'बंदुकीचे गेम बंद केले की पोरांमधली हिंसा थांबेल' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली, तेव्हा ताईने घाबरून भाच्याचा मोबाइल काढून घेतला. तो नववीत होता. चिडचिड कमी व्हायच्या ऐवजी वाढली. शाळेत मोठी मुलं त्याला रोज छळत होती, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. ते सहा महिने अजून मनाला लागून आहेत.

(२०२० ची देशभरची बंदी तर डेटाच्या सुरक्षेसाठी होती, हिंसेचा तिथे संबंधच नव्हता.)

ऑक्सफर्डच्या २०१९ च्या अभ्यासात १४-१५ वर्षांची हजारावर ब्रिटिश मुलं होती. वागणुकीबद्दल पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत मानांकनावरून ठरवलं. आक्रमकतेशी संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. तो 'थोडा संबंध' मी नाकारत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती असले गेम देऊच नयेत.

पण नववीतला मुलगा गप्प झाला असेल, तर मोबाइल हिसकावण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि शाळेत काय चाललंय ते विचारा.