मदत हवी आहे: बास ड्रमवरचे दिवे नेमक्या जागी विझतात, शनिवारी स्पर्धा

बँडआई (सोमवार, रात्री ११:४०)
माझा लेक हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये (मैदानावर चालत वाजवणाऱ्या) आहे. शोच्या शेवटी पाचही बास ड्रमवरचे एलईडी निळ्याचे एकदम पांढरे व्हायला हवेत. जिममध्ये व्यवस्थित झाले, मैदानावर मध्येच बंद पडतात. नवा राउटर आणला, उंच खांबावर लावला, काही फरक नाही. वायफायमधलं कळणारं कुणी असेल तर कृपया लवकर सांगा. पोरं उन्हाळ्यापासून राबतायत, त्यांचा शेवटचा क्षण अंधारात जायला नको.

टेक्ससकर
गाव कुठलं? कंट्रोलर कुठला? वीज कशावर? किती मीटर पट्टी? यातलं काहीच लिहिलेलं नाही. तरी अंदाज सांगतो. २.४ गिगाहर्ट्झवर वायफाय चालतं, ब्लूटूथ चालतं, आणि स्टँडमधल्या प्रत्येकाच्या खिशातला फोनही तिथेच बोलत असतो. त्यात शरीरातलं पाणी हे सिग्नल शोषून घेतं, म्हणजे पोरांनी पाठ फिरवली की गेलं. आमच्या मुलीच्या बँडने ९०० मेगाहर्ट्झचे रिसीव्हर घेतले, तेव्हापासून त्रास नाही. तेच घ्या.

पथकवाला
पुण्याहून लिहितोय. आम्ही पथकातल्या ढोलांच्या कड्यांना पट्ट्या लावल्या होत्या. रात्री लक्ष्मी रोडवर ढोलाचं पान (वाजवायचा पडदा) थरथरलं की प्रकाशही थरथरल्यासारखा दिसायचा, अंगावर काटा यायचा. माझ्याकडे ८६५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल पडून आहेत. कुणी तिकडे येणार असेल तर पाठवतो, पैसे नकोत.

टेक्ससकर
दादा, मन मोठं आहे तुमचं, पण ८६५ चा पट्टा भारतात विनापरवाना आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ लागतो. ती मॉड्यूल इथे वापरता येणार नाहीत.

बँडआई
ओहायो. कंट्रोलर ईएसपी३२ आहे, म्हणजे वायफायवाला छोटा चिप बोर्ड, त्यावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर. बाकी आमच्या प्रॉप क्रूमधल्या (शोचं सामान बघणाऱ्या गटातल्या) एका मुलाच्या बाबांनी जोडलंय. शनिवारपर्यंत नवीन रिसीव्हर येणार नाहीत. आहे त्यातच करायचंय.

जुनाट्रम्पेट
दिवे काढूनच टाका असं मनापासून सुचवतो. मी दोन वेळा इंडियानापोलिसला जाऊन डीसीआयच्या, म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल या मोठ्या मार्चिंग स्पर्धेच्या, फायनल्स पाहिल्या आहेत. तिथे अंगावर येतो तो आवाज आणि शंभर पावलं एका रेषेत पडताना दिसणं. दिवा लागला की डोळा दिव्याकडे जातो, पायांकडे नाही.

टेक्ससकर
हेच २००४ मध्ये माइकबद्दल बोलले जात होते आणि २००९ मध्ये सिंथेसायझरबद्दल. डीसीआयने दोन्हीला परवानगी दिली, तरी ब्रास (पितळी वाद्यं) आणि ड्रमलाइन (चालत वाजवणारे ड्रमवाले) आहे तिथेच आहे. तुम्ही पाहिल्या त्या फायनल्समध्येही पिटपुढे (मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी वाजवणाऱ्यांपुढे) माइक असणार.

जुनाट्रम्पेट
होते. आणि मागच्या रांगेतलं पोर कितीही जीव तोडून वाजवू दे, स्पीकरमधून येतं ते पुढच्या मॅरिंबाचंच (लाकडी पट्ट्यांचं वाद्य). मला याचं वाईट वाटतं. वाद घालायला म्हणून लिहीत नाही.

निशिगंध
ड्रमलाइनमधल्या मुलांना इअरप्लग देता का हो? माझ्या भाच्याला दोन सीझननंतर कानात सतत शिट्टी ऐकू येऊ लागली. संगीतासाठीचे वेगळे प्लग मिळतात, त्यातून सूर दबत नाहीत, फक्त जोर कमी होतो. धाग्याचा विषय हा नाही, पण पाच बास ड्रम वाचलं आणि राहवलं नाही.

सोल्डरबाबा
ताई, वायफाय घटकाभर बाजूला ठेवा. तीन गोष्टी सांगा. पाचही ड्रम जातात की काहीच? बंद पडल्यावर तसेच राहतात की आपोआप परत लागतात? परत लागत असतील तर कुठल्या रंगात?

बँडआई
पहिले दोन, म्हणजे लहान, कधीच जात नाहीत. खालचे, म्हणजे मोठे, तीन जातात. काही सेकंदांनी परत येतात, पण नारिंगी. नारिंगी तर आमच्या शोमध्ये कुठेच नाही! आणि हे रिकाम्या मैदानावरच्या सरावातही होतं, एकही प्रेक्षक नसताना.

सोल्डरबाबा
मग वायफाय निर्दोष आहे. डब्ल्यूएलईडी नव्याने सुरू झालं की मूळ रंग नारिंगी असतो. म्हणजे तुमचा कंट्रोलर रीस्टार्ट होतोय, आणि तो होतोय वीज अपुरी पडल्यामुळे. पट्टी कुठली, मीटरला किती दिवे, पॉवर बँक किती अँपिअरची?

बँडआई
डब्ल्यूएस२८१२बी, मीटरला ३०. ड्रमच्या एका कड्याला पूर्ण वेढा. पॉवर बँकवर ५ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय. ड्रम १८, २०, २२, २४, २६ इंच.

सोल्डरबाबा
या पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा झाला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो: लाल, हिरवा, निळा प्रत्येकी २०. तुमच्या १८ इंची ड्रमचा घेर साधारण १.४४ मीटर, म्हणजे ४३ दिवे, २.६ अँपिअर. २० इंचीला २.९. हे दोन्ही ३ च्या आत बसतात. २२ इंचीला ३.२ आणि २६ इंचीला ३.७ लागतात. नेमके तुमचे खालचे तीन! निळ्यावर मात्र २६ इंचीलाही सव्वा अँपिअरच पुरतात, म्हणून तोवर सगळं छान दिसतं. पांढरा आला की व्होल्टेज बसतं आणि ईएसपी३२ मान टाकतो.

एक कोडं राहतं. डब्ल्यूएलईडीमध्ये मिलिअँपिअरची मर्यादा असते, तिच्यामुळे दिवे मंद होतात पण विझत नाहीत. ती चालू आहे का?

बँडआई
आत्ता लेकाला विचारलं. जिममध्ये होती. मैदानावर स्टेडियमच्या दिव्यांखाली उजेड कमी वाटला म्हणून त्या बाबांनी काढली. हे महत्त्वाचं असेल असं कुणालाच वाटलं नाही.

टेक्ससकर
मग एका ड्रमला दोन पॉवर बँक लावा. सोपं आहे.

सोल्डरबाबा
दोन पॉवर बँकांचे प्लस एकत्र जोडू नका, एकातली वीज दुसऱ्यात घुसते. जोडायचंच असेल तर पट्टीची प्लस लाइन मधोमध तोडा, दोन भागांना दोन बँका, ग्राउंड मात्र सामाईक. पण चार दिवसांत हे कशाला? आणि ते वजन पोरांच्याच खांद्यांवर. मर्यादा २४०० मिलिअँपिअरला परत लावा. पांढरा पूर्ण न ठेवता साठ टक्क्यांवर आणा, डोळ्याला फरक फार जाणवत नाही. यूएसबी केबल आखूड आणि जाड घ्या. आणि सुरू होतानाचा प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेला रंग) काळा ठेवा, म्हणजे काही बिघडलंच तर नारिंगी तरी दिसणार नाही.

टेक्ससकर
मान्य. मी वायफायवरच अडून बसलो. फक्त एक विचारायचं राहिलं, शनिवारी तुमची वेळ काय?

बँडआई
४:४०. फायनलला गेलो तर रात्री.

टेक्ससकर
४:४० ला ऊन असेल. भर उन्हात लाखभर लक्स प्रकाश पडतो, त्यात ही पट्टी लागली की नाही हे स्टँडमधून कळणार नाही. प्राथमिक फेरीत त्या जागी दुसरं काहीतरी हवं.

पथकवाला
त्या काउंटला सगळ्यांनी ड्रम एकदम आडवे फिरवले तर? पांढरं पान प्रेक्षकांकडे. उन्हात तेच चमकेल.

जुनाट्रम्पेट
ही कल्पना मला फार आवडली.

बँडआई (गुरुवार, रात्री १०:१५)
मर्यादा लावली, पांढरा साठवर. आज सलग सहा वेळा अख्खा शो झाला, एकही ड्रम गेला नाही. पाचही एकाच ठोक्यावर पांढरे झाले तेव्हा मी शेजारच्या आईचा हात धरला होता. सोल्डरबाबा, तुमचे उपकार विसरणार नाही. ड्रम फिरवायची कल्पना सरांना सांगितली, ते उद्या बघतो म्हणाले. निशिगंध, प्लग मागवले, दहाच्या दहा कानांसाठी.

आता उद्याच्या सामन्याच्या हाफटाइमला स्टेडियमचे दिवे दोन मिनिटं बंद ठेवायला शाळेने होकार दिलाय!

सोल्डरबाबा
थांबा. ते दिवे एलईडी आहेत की जुने मेटल हॅलाइड? हॅलाइड एकदा विझवले की थंड होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतात, तोवर सामना अडकेल. आत्ताच फोन करून विचारा.

बँडआई
करतेय.